अंगणातल्या शाळेचा जमाखर्च

तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी, १९४५ सालच्या डिसेंबरात ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचा आरंभ केला, त्या उद्योगाच्या मुळाशी अध्यापनशास्त्राइतकाच खर्चाचा विचार होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत आणि पुढे दादरच्या शिशुविहारात माँटेसोरी पद्धतीचा जो व्यासंग त्यांनी केला, त्यातील तत्त्व त्यांना सर्वस्वी मान्य होते. परंतु त्या पद्धतीची घोटीव, मापात बसवलेली, मोलाची साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडावीत कशी, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. शंखशिंपले, चिंचोके, बिया, पाने, काड्या आणि माती यांतूनच त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाची साधने सिद्ध केली. आणि जी मुले बालवाडीच्या दारापर्यंत येत नव्हती, त्यांच्या वस्तीतल्या अंगणातच बालवाडी नेऊन भरवली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरू लागली.

या कार्यातील काटकसरीचे स्वरूप नीट ध्यानी घेण्याजोगे आहे. साधनांवरचा खर्च त्यांनी निष्ठुरपणे कमी केला. मुलांजवळ बसणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिकेच्या वेळेला मात्र हात लावला नाही, कारण बालशिक्षण म्हणजे मुळात त्या शिक्षिकेने मुलांना दिलेला वेळच होय, ही त्यांची धारणा होती. आज शासनाच्या अंदाजपत्रकात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी जी तरतूद होते, तिच्यात धान्य मोजले जाते, इमारत मोजली जाते, वजनकाटे आणि भ्रमणध्वनी मोजले जातात. परंतु अंगणवाडी सेविकेने मुलांबरोबर गाण्यागोष्टींत, खेळात आणि संभाषणात घालवावयाचे तास कोणत्याही लेखाशीर्षाखाली मोजले जात नाहीत. हा हिशेब दुरुस्त कसा व्हावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सरकार अंगणात येते

पूर्वप्राथमिक शिक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, असे १९४४ च्या सार्जंट अहवालाने स्वच्छ नमूद केले होते. पण स्वातंत्र्योत्तर काळातील पहिली दोन-अडीच दशके हा भार प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांनी आणि १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अनुदानांनी वाहिला. १९७४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बालकधोरण जाहीर झाले, आणि पुढल्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या अवघ्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतील दोन प्रकल्प आले. एक मेळघाटातील धारणीचा आणि दुसरा मुंबईतील धारावीचा. आज राज्यात ग्रामीण ३६४, आदिवासी ८५ आणि नागरी १०४, असे एकूण ५५३ प्रकल्प असून त्यांतील अंगणवाड्यांची संख्या सुमारे १ लाख १० हजार आहे. साऱ्या देशात ती १४ लाखांच्या घरात जाते. एवढ्या विस्ताराची बालसेवा जगात क्वचितच कोठे असेल, आणि ती उभी करणाऱ्यांच्या दूरदृष्टीविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे.

या योजनेने सहा सेवांचा भार स्वीकारला: पूरक पोषण, अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि संदर्भसेवा. शेवटच्या तीन सेवा आरोग्यखात्याच्या मदतीने चालतात, पहिल्या तीन महिला व बालविकास खात्याकडे आहेत; पण गावपातळीवर या सहाही सेवांचे दार एकच आहे, आणि त्या दारात एक सेविका व एक मदतनीस एवढ्या दोघीच उभ्या आहेत. आरंभी मॅट्रिक न झालेल्या सेविकेस दरमहा १०० रुपये, मॅट्रिक झालेलीस १५० रुपये आणि मदतनिसास ३५ रुपये मानधन ठरले होते. ही स्थानिक स्त्रीने फावल्या वेळात करावयाची समाजसेवा आहे, असे गृहीत धरून ते आकडे बांधले गेले. पुढे कामे वाढत गेली, आकडेही थोडेथोडे वाढले. परंतु ते मूळचे गृहीतक मात्र अंदाजपत्रकातून अद्याप पुरते हटलेले नाही.

हक्काची तरतूद आणि इच्छेची तरतूद

सरकारी तिजोरीतून पैसा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहावयाचे असेल, तर कायद्याने कोणती गोष्ट बंधनकारक केली आहे हे आधी पाहावे. २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका दाखल केली, आणि तिच्या ओघात त्या न्यायालयाने एकामागून एक हुकूम दिले. १३ डिसेंबर २००६ च्या निर्णयाने तर देशातल्या अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांपर्यंत नेण्यास सरकारला बजावले, आणि ज्या ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असूनही अंगणवाडी नाही, तेथे मागणी होताच तीन महिन्यांच्या आत ती उघडली पाहिजे, असे ठरवून दिले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहार हा मुलांचा वैधानिक हक्क झाला.

शिक्षणाची कथा वेगळी आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांना अनुच्छेद ४५ मध्ये स्थान मिळाले, पण ते राज्यसंस्थेने ‘प्रयत्नशील राहावे’ अशा मार्गदर्शक तत्त्वाचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमानेही शासनाला पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा दिली, बंधन घातले नाही. २०१३ चे बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरण आले, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. या दुसऱ्या धोरणाने तर मेंदूच्या विकासाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहा वर्षांच्या आत होतो असे सांगून २०३० पर्यंत पूर्वप्राथमिक शिक्षण सार्वत्रिक करण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. परिणामी आहाराची रक्कम कापली तर न्यायालय जाब विचारू शकते, आणि शिक्षणाचा तास बुडाला तर कोणीच विचारत नाही. वित्तविभागातील कारकून असो वा सचिव, टंचाईच्या काळात त्याची कात्री जेथे बंधन नाही तेथेच चालणार. त्यात त्याच्या अंतःकरणाचा दोष शोधण्यात अर्थ नाही, दोष रचनेचा आहे.

आठ रुपयांचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या शीर्षाखाली सुमारे २१,२०० कोटी रुपयांची तरतूद होती. ही रक्कम १४ लाख अंगणवाड्यांत समान वाटली, तर एका अंगणवाडीस वर्षाला दीड लाख, म्हणजे महिन्याला १२,६०० रुपयांच्या आसपास केंद्राचा वाटा येतो. आणि त्यातूनच आहार, मानधन, इमारत, प्रशिक्षण, साहित्य आणि देखरेख या सर्वांची तोंडमिळवणी व्हावयाची असते. पूरक आहारासाठी सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर व स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये असा दर २०१७ साली ठरला, आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही तोच कायम राहिला. या आठ रुपयांत ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असा नियम आहे. डाळीचा, तेलाचा आणि इंधनाचा बाजारभाव मात्र त्या परिपत्रकाची वाट पाहत थांबला नाही. दर गोठवून ठेवणे म्हणजे कपातीचा हुकूम न काढता दरसाल केलेली कपातच होय; आणि मग गावोगावी बचतगटांची बिले थकतात, तेव्हा भाजीपाल्याचे चार पैसे सेविकेला पदरमोड करून घालावे लागतात.

खर्चाच्या वाटणीतही असाच बदल झाला आहे. पूर्वी आहाराखेरीज इतर बाबींवरील खर्चात केंद्राचा वाटा ९० टक्के होता; २०१५-१६ पासून तो ६० टक्क्यांवर आला. आहाराचा खर्च निम्मानिम्मा आहे. नियमित अधिकारी व पर्यवेक्षिका यांच्या वेतनाचा केंद्राचा हिस्सा तर २५ टक्क्यांपर्यंत खाली आला. केंद्राने सेविकेचे मानधन २०१८ च्या ऑक्टोबरपासून ४,५०० रुपये ठरवले, म्हणजे त्यातील केंद्राचा प्रत्यक्ष भाग २,७०० रुपये. २०२३ साली महाराष्ट्रातील सेविकांनी संप केला, त्यानंतर राज्याने ते १०,००० रुपयांपर्यंत आणि मदतनिसांचे ५,५०० रुपयांपर्यंत वाढवले. तेव्हा सेविकेच्या दहा हजारांतील ७,३०० रुपयांचा भार राज्याच्या तिजोरीवर पडला. जे राज्य संपन्न आहे ते ही भर घालू शकते, जे नाही ते घालू शकत नाही. आणि जेथे मुलांची गरज अधिक, तेथेच सेविकेचे मानधन कमी, असा विपरीत न्याय देशभर निर्माण होतो. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात सेविका व मदतनीस १९७२ च्या कायद्यान्वये उपदानास पात्र आहेत, असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा आशय अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी मनावर घ्यावयास हवा, कारण अर्धशतक ज्या कामावर एवढी मोठी यंत्रणा उभी आहे, ते काम फावल्या वेळेचे असू शकत नाही.

सेविकेचा दिवस

सकाळी अंगणवाडी उघडल्यापासून सेविकेच्या हातून काय काय घडते, याची नुसती यादी करावी. मुलांची हजेरी, ती पोषण ट्रॅकरवर भरणे, गरम आहाराची देखरेख, तीन वर्षांखालील मुलांच्या घरी न्यावयाच्या आहाराचे वाटप, वजन आणि उंची, कुपोषित मुलांचा पाठपुरावा, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेस साहाय्य, गरोदर मातांची नोंद, मासिक अहवाल, मुख्यसेविकेची बैठक. याखेरीज मतदारयाद्यांचे काम, निरनिराळी सर्वेक्षणे आणि शासनाला जी माहिती तातडीने हवी असेल ती. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही प्रामुख्याने याच स्त्रियांनी केले. ही सारी कामे सांभाळल्यावर चार वर्षांच्या मुलीला गोष्ट सांगण्यासाठी, तिने मातीत ओढलेल्या रेघेविषयी तिच्याशी बोलण्यासाठी, जो निवांत तास लागतो, तो कोठून यावा? राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम विचारपूर्वक केलेला आहे, २०२४ मध्ये आलेला केंद्राचा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रमही खेळावर आधारलेला आहे; परंतु कागदावरचा उत्तम अभ्यासक्रम शिकवणाऱ्याच्या वेळेवाचून कागदावरच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने द्यावयाचे कारण नाही, कारण तामिळनाडूत ते प्रयोगाने मिळालेले आहे. अलेहांद्रो गानिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्या राज्याच्या सहकार्याने ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांतील काहींत चिठ्ठ्या टाकाव्यात त्या यदृच्छेने केवळ पूर्वशालेय शिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती नेमली गेली. तेथे शिकवण्याचा निव्वळ वेळ दुपटीने वाढला. दीड वर्षाने तेथील मुले भाषा आणि गणित या दोहोंत लक्षणीय पुढे होती. मूळच्या सेविकेला पोषण आणि आरोग्य यांकडे पाहण्यास उसंत मिळाली, आणि मुलांतील खुजेपणा व तीव्र कुपोषण यांचे प्रमाणही घटले. शिक्षणावर केलेला खर्च पोषणाच्या पदरात पडला, ही या प्रयोगाची सर्वांत मोलाची शिकवण आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात १२३ मुलांवर झालेल्या पेरी पूर्वशाला प्रयोगाचा उल्लेख या विषयावरील प्रत्येक चर्चेत होतो. त्यातील मुले प्रौढ होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला, आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरील खर्चाचा सामाजिक परतावा दरसाल ७ ते १० टक्के असल्याचे दाखवले. जमैकात १२९ खुज्या मुलांवर झालेल्या प्रयोगात त्यांतील काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला कार्यकर्ती जाऊन आईला मुलाशी खेळावयास शिकवीत असे. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांहून सुमारे २५ टक्क्यांनी अधिक निघाली. हे प्रयोग लहान होते, त्यांतील देखरेख असामान्य होती, म्हणून त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्या अंदाजपत्रकात उतरवणे अशास्त्रीय ठरेल. परंतु मिशिगन, जमैका आणि तामिळनाडू या परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशा तिन्ही ठिकाणी पैसा ज्या एका गोष्टीवर खर्च झाला, ती म्हणजे मुलाशी एकाग्रतेने वागणाऱ्या माणसाचा वेळ, हे साम्य दुर्लक्षण्याजोगे नाही.

महाराष्ट्रात असे करावयाचे ठरवले तर किती खर्च येईल? १ लाख १० हजार अंगणवाड्यांत प्रत्येकी एक अर्धवेळ बालशिक्षिका, २०२३ च्या मानधनाच्या निम्म्या दराने, म्हणजे दरमहा ५,००० रुपयांवर नेमली, तर वर्षाचा खर्च ६६० कोटी रुपये होतो. राज्याचा वार्षिक अर्थसंकल्प आज सहा लाख कोटींहून मोठा आहे. दर हजार रुपयांतील सुमारे एक रुपया, एवढी ही मागणी आहे.

धारणी आणि धारावी

आकडा मंजूर झाला म्हणजे आखणी संपली, असे मात्र नाही. राज्यातले जे दोन प्रकल्प आरंभी एकाच दिवशी सुरू झाले, त्यांची तुलना करून पाहावी. धारणीत पाडे विखुरलेले, पावसाळ्यात वाटा बंद, घरी कोरकू बोलली जाणारी आणि पुस्तकात मराठी. तेथे खर्च वाहतुकीवर, कोरकू जाणणाऱ्या सेविकेच्या प्रशिक्षणावर, लहान वस्तीतल्या स्वतंत्र केंद्रावर झाला पाहिजे. धारावीत अंतर काही पावलांचे, पण जागा मिळणे हीच तपश्चर्या. तेथे खर्च भाड्यावर आणि आई कारखान्यात वा घरकामास जाते त्या सबंध दिवसासाठी पाळणाघरावर झाला पाहिजे. बीडहून उसाच्या तोडीसाठी निघालेल्या कुटुंबाचे मूल तर सहा महिने आपल्या गावच्या पटावर असते आणि प्रत्यक्षात साखर कारखान्याच्या तळावर. त्याच्या नावाची तरतूद त्याच्यामागून गेली नाही, तर ती कागदी तरतूदच राहते. सर्वत्र एकच दर लावणे हिशेबनिसाला सोयीचे असते, पण मुलांना ते न्याय देत नाही.

पैसा केव्हा पोहोचतो, हेही तितकेच महत्त्वाचे. केंद्राचा हप्ता, राज्याचा पूरक हिस्सा, प्रशासकीय मान्यता, मागील खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र या क्रमाने रक्कम तालुक्यापर्यंत उतरते, आणि या साखळीतली एक कडी अडली की जूनमध्ये लागणारे साहित्य मार्चअखेरीस घाईघाईने खरेदी होते. ही घाई ठेकेदाराला मानवते, मुलांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावातील महिला मंडळे आणि बचतगट हवेत असे बजावले होते. तरी महाराष्ट्रातील या आहाराच्या निविदांचा वाद पुनःपुन्हा त्याच न्यायालयात गेला, आणि लहान बचतगटांना बाजूस सारणाऱ्या निविदेच्या अटी २०१९ मध्ये रद्द कराव्या लागल्या.

ध्येय ठरवून आखणी केली तर फळ मिळते, याचा दाखलाही याच राज्यात आहे. २००५ साली महाराष्ट्राने देशातले पहिले पोषण अभियान, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन, उभारले. दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणाचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत २४ टक्क्यांच्या आसपास उतरले. पुढील काळात ही गती टिकली नाही. पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणा चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३४.४ टक्के होता, पाचव्यात तो ३५.२ टक्के निघाला. एका दशकाचे यश पुढल्या दशकातल्या सातत्यावाचून टिकत नाही, ही गोष्ट आखणी करणाऱ्यांनी नजरेआड करू नये.

आखणी कशी व्हावी

गतवर्षीच्या खर्चात पाच-दहा टक्के मिळवून पुढील वर्षाची मागणी लिहिण्याची रूढी प्रथम सोडली पाहिजे. मुलाच्या एका दिवसापासून हिशेबाला आरंभ व्हावा: या मुलाला आज किती तास, कोणाच्या सहवासात, कोणत्या भाषेत आणि कोणत्या आहारासह मिळावयास हवेत, हे आधी ठरवावे, आणि मग त्याचा खर्च काढावा. पूर्वशालेय शिक्षणास आहारापासून वेगळे, स्वतःचे लेखाशीर्ष असावे, म्हणजे त्यावर किती खर्च झाला हे विधिमंडळाला आणि जनतेला विचारता येईल. आहाराचा दर महागाईच्या निर्देशांकाशी जोडून दरसाल आपोआप वाढावा. महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण या दोन खात्यांनी, पहिलीआधीच्या वर्गाची ‘बालवाटिका’ कोणाची या वादात न पडता, पाच वर्षांच्या मुलासाठी एकच संयुक्त आराखडा करावा. आणि मुलाच्या तीन ते सहा या वयातील शिक्षणाला कायद्याचे बंधन लाभावे, कारण बंधनावाचून तरतूद टिकत नाही, हे गेल्या पंचवीस वर्षांनी पुरेसे सिद्ध केले आहे.

हे सारे मुंबईत आणि दिल्लीत व्हावयाचे आहे, असे म्हणून वाचकाने स्वस्थ बसू नये. नव्या अंगणवाडीच्या इमारतीसाठी ठरलेल्या १२ लाखांपैकी ८ लाख रोजगार हमीतून आणि २ लाख वित्त आयोगाच्या अनुदानातून यावयाचे असतात, आणि या दोन्ही रकमांचा मार्ग ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून जातो. ग्रामपंचायतीने आणि जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणासाठी खर्च करावा, असा राज्यात दंडक आहे. येत्या ग्रामसभेत उभे राहून तो हिस्सा गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, किती शिल्लक राहिला आणि आपल्या गावच्या अंगणवाडीत सेविकेला मुलांबरोबर बसावयास रोज किती वेळ मिळतो, हे तीन प्रश्न विचारावेत, उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि ती पुढल्या वर्षाच्या आराखड्याला जोडण्याचा आग्रह धरावा. या वर्षी जी मुले चार वर्षांची आहेत, ती अंदाजपत्रक सुधारेपर्यंत चार वर्षांची राहणार नाहीत.